बसवलेलं हसू

लेकीचं ते पत्र आलं तेव्हा कवळीकाकांनी ते दारात उभ्या उभ्याच वाचलं, आणि वाचून झाल्यावर आधी काय केलं, तर गॅसवरचं चहाचं आधण बंद केलं. उत्तर लिहायला बसायचं तर मध्येच चहा उतू जायला नको, एवढाच विचार. त्या दिवशी चहा झाला नाही आणि उत्तरही झालं नाही. या गोष्टीला आता दोन वर्षं उलटून गेली होती. चहा नंतर पुष्कळ झाला.

कवळीकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण उभा जन्म त्यांनी एका दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवण्यात घालवला होता. पुढच्या खोलीत डॉक्टर, खुर्ची, रोगी आणि रोग्यांचे नातेवाईक. मागच्या खोलीत प्लास्टरचे साचे, मेण, गुलाबी हिरड्या आणि काका. मध्ये एक पडदा. त्या पडद्याचे काकांवर फार उपकार होते. पलीकडे कुणी ओळखीचं आलं की त्यांना त्याचा आडोसा होई. रस्त्यात माणसं भेटली तरी चेहरा चटकन ओळखू येत नसे. तोच माणूस हसला की मात्र काका थबकत. अरे, हे तर आपलंच काम! मग तेही हसत. लोकांना वाटे, काय मनमिळाऊ गृहस्थ आहेत.

लेक दूरच्या शहरात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. बापलेकीचं बोलणं पत्रातूनच. फोनवर दोघंही समोरच्यानं बोलावं म्हणून थांबत, आणि त्यात भलं व्हायचं ते टेलिफोन कंपनीचं. पत्रात मात्र ती सविस्तर लिही. हे पत्र त्या मानानं आखूड होतं.

‘बाबा,’ तिनं लिहिलं होतं, ‘मला कामावर बढती मिळाली आणि माणसं सांभाळायला दिली. मला ते झेपलं नाही. दिवसभर बोलून घरी आले की मी बाथरूमच्या फरशीवर बसून राहायचे. आता एका डॉक्टरीणबाईंकडे जाते. त्यांना वाटतं, मी जन्मापासून ऑटिस्टिक असेन. पण या वयात ते ठरवायचं तर लहानपणी जवळून पाहिलेल्या माणसाकडून ऐकावं लागतं. आई नाही, म्हणजे तुम्हीच. मी लहान असताना कशी होते? माणसांच्या डोळ्यांकडे बघायचे का? कुणाकडे पाहून आपणहून हसायचे का? आठवेल ते लिहा. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. घाई नाही. सावकाश लिहा.’

काकांनी पहिल्याच संध्याकाळी कागद घेतला आणि लिहिलं, ‘तू अगदी साधी, शहाणी मुलगी होतीस.’ मग वाटलं, हे तर तिनं नको म्हटलेलंच लिहितोय. फाडलं. दुसऱ्यांदा लिहिलं, ‘तू माझ्यासारखी होतीस.’ पण मी कसा आहे? हे काही त्यांना सांगता येईना. तेव्हा मग त्यांनी त्या विषयावरची पुस्तकं वाचायची ठरवलं. वाचनालयातून एक आणलं, त्यात आणखी चारांचा उल्लेख होता, ती मागवली. वाचता वाचता काही ठिकाणी ते पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसत. लेखकानं आपल्याला न विचारता आपल्या घरात डोकावून पाहिलंय, असं त्यांना वाटे. आधी हे पूर्ण समजलं पाहिजे, मग लिहू. चुकीचं काही गेलं तर पोरीच्या आयुष्याचा प्रश्न. शिवाय तिनंच लिहिलंय, घाई नाही.

असं वाचण्यात पहिलं वर्ष गेलं. दुसरं वर्ष गेलं ते लाजेत. उशीर झाल्याची लाज अशी असते की ती आणखी उशीर करायला लावते. अधूनमधून लेकीची पत्रं येत होती. हवापाण्याची, वाचलेल्या पुस्तकांची. त्यांना काका उत्तरं देत. त्या पत्राबद्दल ती चकार शब्द काढत नसे. काकांनी त्याचा अर्थ असा लावला की प्रश्न मिटला असावा. सोयीचा अर्थ माणसाला फार लवकर सापडतो.

आणि मग एका सकाळी ताई आली.

ताई काकांची थोरली बहीण. तोंडाचा पट्टा सुरू झाला की ऐकणाऱ्यानं फक्त मान हलवायची. काकांना ती लहानपणापासून घुम्या म्हणे, आणि सत्तरी ओलांडली तरी त्यात बदल करण्याचं कारण तिला दिसलं नव्हतं. लेकीला ती मनी म्हणे, कारण पोर लहानपणी तिच्या घरी गेली की मांजरासारखी टेबलाखाली जाऊन बसे.

“घुम्या, दार उघडायला एवढा वेळ? मला वाटलं गेलास की काय!” पिशवी खुर्चीवर टाकत ताई म्हणाली. “काय रे हे पुस्तकांचे ढीग! माणसानं बसावं कुठं, पुस्तकावर?”

“खुर्चीवर तू पिशवी ठेवलीस.”

“बघ, बोलला! आल्या आल्या चूक काढली.” ताईनं पिशवी उचलली आणि बसली. “चहा टाक. आणि ऐक, मी चार दिवस मनीकडे राहून आले.”

काका स्वयंपाकघराच्या दारात थांबले. “बरी आहे?”

“कसली बरी! घरी बसलीय. नोकरी सोडली, ठाऊक नाही तुला?”

काकांना ठाऊक नव्हतं. गेल्याच महिन्यात तिचं पत्र आलं होतं. त्यात एका जुन्या पुस्तकाच्या बांधणीबद्दल दोन पानं होती.

“कधी सोडली?”

“झाले सहा-सात महिने. अरे, त्या डॉक्टरीणबाईंकडे जात होती ना, ते काय ते… स्वमग्नता. मी म्हटलं, बाई गं, स्वमग्न कोण नाही? माझा नवरा चाळीस वर्षं पेपरात डोकं घालून बसला, त्याला कुणी नाव दिलं नाही. पण नाही, तिला ते कळून घ्यायचंच होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद दिला असता तर ऑफिसवाले तिला परत जुन्या कामावर, एकटीला, बाटल्यांच्या खोलीत बसवणार होते. तसं कबूल केलं होतं त्यांनी. पण कागद मिळाला नाही.”

“का नाही?”

“शंका आहे म्हणाल्या. बाकी सगळं जुळतं, पण लहानपणचं जुळत नाही. पुढे नवी माहिती मिळाली तर पुन्हा बघू, असंही म्हणाल्या म्हणे. आता या वयात कुठून यायची नवी माहिती?” ताईनं पदरानं कपाळ टिपलं. “पोरगी तेव्हापासून खचलीय रे. मला म्हणते, आत्या, म्हणजे मला काहीच झालेलं नाही. मी नुसतीच आळशी आणि नाटकी आहे. असं म्हणाली. भिंतीकडे बघत.”

काकांनी चहाचं पातेलं ओट्यावर ठेवलं. गॅस पेटवला नाही.

“लहानपणचं जुळत नाही म्हणजे? त्यांना कुणी सांगितलं लहानपणचं?”

“मी!” ताई अभिमानानं म्हणाली. “तू उत्तर पाठवलं नाहीस ना. वर्षभर वाट पाहिली तिनं. मी तिला म्हटलं, अगं, बापाला एक फोन कर, खडसाव. तर म्हणते कशी, मी त्यांना घाई नाही म्हणून लिहिलंय, आता घाई कशी करू? ते खोटं होईल.”

“पण तिनं लिहिलं होतं खरंच,” काका म्हणाले. “घाई नाही, म्हणून.”

ताईनं कपाळावर हात मारला. “अरे देवा! घाई नाही म्हणजे आठ-पंधरा दिवस! जगात सगळे तेवढंच समजतात. एक घाई नाही म्हणून थांबला आणि दुसरी घाई नाही म्हटलं म्हणून थांबली! एका माळेचे मणी तुम्ही. तुमच्या दोघांत एखादं तरी शहाणं माणूस हवं होतं रे. वहिनी होती तोवर होतं.”

हे खरं होतं.

“मग शेवटी तिनं मला गळ घातली,” ताई पुढे सांगू लागली. “डॉक्टरीणबाईंनी फोन केला मला, चांगला तासभर. मी सगळं छान सांगितलं. म्हटलं, जरा अबोल होती, टेबलाखाली बसायची, पण ते अगदी लहान असताना. पुढे काय सुधारली! कुणी आलं की समोर येऊन, डोळ्यांत बघून, कसे आहात विचारायची. आणि हसायची किती गोड! एवढ्याशा पोरीचं असं नेमकं हसू मी दुसरं पाहिलं नाही. सगळ्या नात्यात नावाजलेलं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं, आपणहून हसायची का? मी म्हटलं, अहो आपणहून नाही तर काय, कुणी किल्ली देत होतं?”

काका खाली बसले. खुर्चीवर नव्हे, पुस्तकांच्या ढिगावरच.

मनी सहा-सात वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. कुणाच्या तरी घरी सगळे जमले होते आणि मनीनं कुणाकडे वर मान करून पाहिलं नव्हतं. शिष्ट आहे पोरगी, असं कुणीतरी बोललं. त्यापूर्वी शाळेतल्या बाईंनीही तसंच काहीसं सांगितलं होतं. घरी येऊन बायको रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “तुमच्यावर गेलीय. आता तुम्हीच काहीतरी करा.”

त्यात राग नव्हता. असलाच तर थकवा होता. आणि काका खरोखर काहीतरी करू शकत होते. त्यांच्या धंद्याची रीत अशी की कवळी करायची तर रोग्याकडून तरुणपणीचा हसरा फोटो मागवायचा. वरचा ओठ किती उचलतो, किती दात दिसतात, हे त्या फोटोवरून बघायचं, मेणावर तशी रेघ ओढायची आणि त्या रेघेच्या बेतानं दात बसवायचे. शेकडो माणसांची हसू काकांनी अशी भिंगाखाली पाहिली होती. तरुणपणी, लग्न ठरायच्या सुमाराला, त्या फोटोंवरूनच ते स्वतः आरशात हसायला शिकले होते. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

तेव्हा दवाखान्यातला हातआरसा त्यांनी घरी आणला आणि जेवणाच्या टेबलाशी मनीला समोर बसवलं.

“वरचे दात दिसू दे. खालचे नाही. खालचे दिसले की माणूस भांडतोय असं वाटतं.”

मनीनं केलं.

“आता गाल जरा वर. म्हणजे डोळे आपोआप बारीक होतात. डोळे बारीक झाले नाहीत तर लोकांना खोटं वाटतं.”

पोर हुशार होती आणि बापाचा शब्द तिला प्रमाण. डोळ्यांत बघवत नसेल तर दोन भुवयांच्या मध्ये बघायचं, समोरच्याला फरक कळत नाही, हेही त्यांनीच शिकवलं. पंधरा दिवसांत हसू बसलं. एकदा तिनं विचारलं, “बाबा, किती वेळ ठेवायचं?” ते म्हणाले, समोरचा बघतोय तोवर.

पाहुणे गेले की ती स्वयंपाकघरात येई. चेहऱ्यावर हसू तसंच. “आता काढू?” विचारी. काका म्हणत, काढ. मग ती दोन्ही हातांनी गाल चोळी आणि टेबलाखाली जाऊन बसे.

पुढे केव्हातरी तिनं विचारायचं सोडलं. काकांना आनंद झाला होता. नवी कवळी सुरुवातीला टोचते, मग सवय होते, मग माणूस ती आहे हेच विसरतो. तसंच झालं असणार. पण ती विसरली नव्हती. दुखतंय हे कुणाला तरी सांगायचं असतं, एवढंच तिला ठाऊक नव्हतं. हे काकांना आत्ता, पुस्तकांच्या ढिगावर बसल्यावर कळत होतं. इतकी पुस्तकं वाचूनही ते कळलं नव्हतं. बायकोनं काहीतरी करा म्हटलं होतं. पोरीला घेऊन घरी बसायचं, लोकांना म्हणायचं, काय म्हणायचं ते म्हणा, असंही काहीतरी करता आलं असतं. त्यांना ते सुचलं नाही. त्यांना एकच काम येत होतं.

“घुम्या? अरे, बरं वाटत नाही का?”

“ताई, ते हसू मी बसवलेलं होतं.”

“म्हणजे?”

काकांनी सांगितलं. आरसा, गाल, भुवयांच्या मधली जागा, ‘आता काढू?’ आयुष्यात एका दमात ते इतकं बोलले नव्हते. ताईनं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, हेही आयुष्यात पहिल्यांदाच.

“मी तिला म्हणायचे,” ती म्हणाली, “मने, हस बघू. मला दाखवायचं म्हणून हस. दर वेळी म्हणायचे रे.” मग तिचा आवाज चढला. “आणि तू? तूही तसाच? लग्नातलं तुझं ते हसू?”

“तसाच असेन. मला कुणी तपासलेलं नाही.”

“वहिनीला माहीत होतं?”

“विचारलं नाही कधी. आता विचारता येत नाही.”

ताई उठली. तिनंच गॅस पेटवला, चहा केला, कप आपटून समोर ठेवला. “लिही. आत्ताच्या आत्ता. मी सांगते, तू लिही. मुलगी लहानपणी स्वभावानं थोडी—”

“थोडी नाही,” काका म्हणाले. “आणि तू सांगू नकोस. तू छान सांगतेस, त्यानंच घोटाळा झाला.”

“बरं बाबा, बसते गप्प. नाहीतर मी फोन लावते, तू तिच्याशी बोल, दोन मिनिटांत काम.”

“फोनवर मी ‘बरी आहेस ना’ म्हणेन, ती ‘बरी आहे’ म्हणेल, आणि संपेल. तू तिला एवढंच सांग की पत्र येतंय. आणि उशीर माझ्यामुळे झाला, असं सांग.”

“ते काय सांगायचं, तिला माहीत नाही होय!” ताई म्हणाली. पण फोन घेऊन ती बाहेरच्या खोलीत गेली, आणि तिथून तिचा हळू आवाज येत राहिला. ताईला हळू बोलता येतं हे काकांना माहीत नव्हतं.

ते लिहायला बसले. या खेपेला फाडायचं नाही असं ठरवूनसुद्धा दोन कागद फाडले. एकदा ‘आम्ही’ असं लिहिलं गेलं, म्हणजे अर्धा दोष मेलेल्या बायकोच्या माथी. दुसऱ्यांदा क्षमा मागण्यातच पान भरलं, आणि डॉक्टरीणबाईंना क्षमेचा काय उपयोग? तिसऱ्यांदा मात्र त्यांनी साच्यावरची नोंद लिहावी तसं, जे होतं ते लिहिलं.

‘तू आपणहून हसायचीस. पण माणसांकडे पाहून नाही. खिडकीच्या काचेवरून पाण्याचा थेंब घसरताना दुसऱ्या थेंबाला मिळाला की हसायचीस. ते हसू वाकडं होतं, त्यात खालचे दात दिसायचे, आणि ते फक्त मला आणि तुझ्या आईला माहीत होतं. माणसांसाठीचं हसू मी तुला शिकवलं. कसं शिकवलं ते पुढे क्रमानं लिहितो आहे. आत्यानं जे पाहिलं ते माझं काम होतं. ती खोटं बोलली नाही, आणि तूही कधी नाटक केलं नाहीस. तुला सांगितलेलं तू करत होतीस.’

पुढे त्यांनी सगळं लिहिलं. टेबलाखालचं बसणं, नव्या कपड्याची शिवण टोचते म्हणून कपडे उलटे घालणं, शाळेचा रस्ता बदलला त्या दिवशी दारात बसून संध्याकाळपर्यंत न हलणं. शेवटी स्वतःविषयी लिहिलं. तेच सर्वांत आखूड झालं.

‘मीही असाच आहे असं मला वाटतं. तू लहान असताना तुझं काही वेगळं आहे हे मला दिसलं नाही, कारण मला ते माझ्यासारखं दिसलं. आणि माझ्यासारखं असणं लपवायचं असतं, एवढंच मला येत होतं. तेच तुला दिलं. डॉक्टरीणबाईंना हे पत्र दाखव. मी येऊन समक्ष सांगावं असं त्या म्हणाल्या तर येईन, त्यांच्या समोर बसेन, विचारतील त्याचं उत्तर देईन. त्यांनी मलाही तपासावं असं तुला वाटलं तर तसं कर. मला आता त्याचा फारसा उपयोग नाही. तुला असेल तर आहे.’

ताई आत आली तेव्हा ते पाकीट चिकटवत होते.

“काय म्हणाली?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. मी सांगितलं, बाबांचं पत्र येतंय. तर म्हणाली, कोणत्या पत्राचं उत्तर? मी म्हटलं, त्याच. मग रडली थोडी. म्हणाली, त्यांना म्हणावं—” ताई थांबली. “मग काही बोललीच नाही. तुझीच मुलगी.” तिनं पाकीट हातात घेऊन वजन पाहिलं. “बापरे, एवढं? वाचू?”

“नको.”

“नको तर नको. पण एवढं जाड पाकीट साध्या तिकिटात जायचं नाही. आणि पेटीत टाकू नकोस, खिडकीवर दे.”

खिडकीवर म्हणजे बोलणं आलं. एरवी काका पोस्टात जात ते दुपारी, पेटी गाठून परत. आज रांगेत उभे राहिले. पुढे एक बाई पार्सल बांधून घेत होती, तिला दोरी पुरेना. काकांच्या मनात आलं, हेच दोन वर्षांपूर्वी करता आलं असतं. तेव्हा लेकीची नोकरी होती. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ताईला फोन केलेला नव्हता. स्वतःला नाटकी म्हणत भिंतीकडे बघण्याचे हे सहा महिने तेव्हा यायचे होते. कागद कदाचित मिळेलही आता. ते महिने मात्र तिनं काढले ते काढलेच. आणि त्याच्या आधीची सगळी वर्षं, ती तर कुठल्या पाकिटात मावणारी नव्हती.

“आजोबा, द्या,” खिडकीतला कारकून म्हणाला. त्यानं पाकीट तराजूवर टाकलं. “काय पाठवताय, पुस्तक?”

“पत्र आहे. लेकीला.”

“बरंच लिहिलंत की.” तो तिकिटं चिकटवू लागला. “साधं पाठवू की जलद? जलदला जास्त पडतील.”

“जलद,” काका म्हणाले. “सर्वांत लवकर जाईल ते.”

कारकुनानं शिक्का मारला, पावती सरकवली आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं. काका वाकून बघत होते. पाकीट इतर पाकिटांवर पालथं पडलं. मग एकानं येऊन टोपली उचलली आणि आत नेली.